स्वसंवाद

स्वसंवाद म्हणजे व्यक्तीने स्वतःलाच उद्देशून मनातल्या मनात किंवा उच्चारून केलेले बोलणे होय. काम करताना स्वतःला दिलेल्या सूचना, चूक झाल्यावर स्वतःला लावलेला बोल, कठीण प्रसंगापूर्वी स्वतःला दिलेला धीर आणि स्वतःच्या योग्यतेविषयी केलेली विधाने या सर्वांचा त्यात समावेश होतो. ‘मला हे कधीच जमणार नाही’, ‘आपण चारचौघांत बोलण्याच्या लायकीचे नाही’ यांसारख्या मनात रुजलेल्या धारणांचा प्रभाव कमी करण्यासाठी स्वसंवादाचा जाणीवपूर्वक उपयोग केला जातो. मात्र स्तुतिपर वाक्यांची केवळ पुनरावृत्ती करणे आणि धारणेची चिकित्सा करून तिच्या जागी पटणारे विधान ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मानसशास्त्रीय उपचारपद्धतींचा भर प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारावर असतो.

संज्ञा

इंग्रजीतील ‘सेल्फ-टॉक’ या संज्ञेसाठी मराठीत ‘स्वसंवाद’ आणि ‘आत्मसंवाद’ हे शब्द रूढ आहेत. नाटकातील पात्र प्रेक्षकांना ऐकू येईल अशा रीतीने आपल्या मनातील विचार बोलून दाखवते, त्यास ‘स्वगत’ म्हणतात. स्वगत हे नाट्यतंत्र आहे, तर स्वसंवाद ही दैनंदिन मानसिक क्रिया आहे. ‘स्वयंसूचना’ ही संज्ञा अधिक मर्यादित असून, एखादे ठरावीक वाक्य मनावर ठसावे म्हणून ते पुन्हा पुन्हा उच्चारणे असा तिचा अर्थ आहे.

लोकव्यवहारात ‘सुप्त मन’ किंवा ‘अंतर्मन’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. सिग्मंड फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणातील ‘अबोध मन’ ही दडपलेल्या इच्छा व संघर्षांशी निगडित अशी विशिष्ट संकल्पना आहे. स्वसंवादाच्या संदर्भात ज्या धारणांचा विचार होतो, त्या बहुधा इतक्या दुर्गम नसतात. त्या सवयीच्या झाल्यामुळे लक्षात येत नाहीत. परंतु नेमके प्रश्न विचारल्यास त्या शब्दांत मांडता येतात. स्वसंवादाद्वारे त्यांवर काम करणे शक्य होते, ते याच कारणामुळे.

मर्यादक धारणा

व्यक्तीच्या प्रयत्नांना अनावश्यक कुंपण घालणाऱ्या धारणांना मर्यादक धारणा असे म्हणता येईल. अशा धारणेत सहसा एखाद्या मर्यादित अनुभवावरून सर्वकालीन निष्कर्ष काढलेला असतो. एका परीक्षेतील अपयशाचे रूपांतर ‘मी ढ आहे’ या निष्कर्षात होते, आणि एका भाषणात अडखळल्याचे ‘मला सभाधीटपणा नाही’ या निष्कर्षात. वडीलधाऱ्यांचे शेरे, भावंडांशी केलेली तुलना, शाळेत चिकटलेली विशेषणे आणि जात, लिंग वा आर्थिक स्थितीवरून समाजाने बाळगलेल्या अपेक्षा यांमधून बालवयातच अशा धारणांचे बीज पडू शकते.

अ‍ॅरन बेक यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीत विचारांचे तीन स्तर कल्पिले जातात. सर्वांत वरच्या स्तरावर प्रसंगानुरूप क्षणार्धात उमटणारे ‘स्वयंचलित विचार’ असतात. त्याखाली ‘चुकलो तर लोक हसतील, म्हणून गप्प बसावे’ असे नियम व गृहीतके असतात. तळाशी ‘मी अपात्र आहे’ यासारख्या गाभ्याच्या धारणा असतात. तळाची धारणा प्रत्यक्ष ऐकू येत नाही. तिचा मागोवा वरच्या स्तरावरील स्वसंवादातून घ्यावा लागतो.

अशा धारणा टिकून राहण्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे टाळाटाळ. ‘मला पोहता येणार नाही’ असे मानणारा पाण्यात उतरत नाही. न उतरल्याने त्याला पोहणे येत नाही. आणि पोहता न येणे हाच पुढे धारणेचा पुरावा ठरतो. शिवाय धारणेशी जुळणारे अनुभव चटकन लक्षात राहतात, तर विसंगत अनुभव ‘ते नशिबाने झाले’ असे म्हणून बाजूला सारले जातात. या चक्रामुळे चुकीची धारणाही अनुभवसिद्ध वाटू लागते.

इतिहास

स्वतःशी बोलून मनाला वळण लावण्याची कल्पना प्राचीन आहे. माणसाला घटनांपेक्षा घटनांविषयीच्या त्याच्या मतांमुळे अधिक त्रास होतो, असे प्रतिपादन स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस यांनी केले होते. दुसऱ्या शतकातील रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस यांची ग्रीक भाषेतील टिपणे मुख्यतः स्वतःलाच उद्देशून लिहिलेली आहेत.

आधुनिक काळात स्वयंसूचनेचा प्रसार फ्रेंच औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांनी केला. औषध देताना त्याच्या गुणाविषयी विश्वासाचे दोन शब्द सांगितले की रुग्णाला अधिक आराम वाटतो, असे त्यांच्या निदर्शनास आले. पुढे नॅन्सी येथे त्यांनी लोकांना आपली प्रकृती दररोज सर्व बाबतींत सुधारत असल्याचे एक ठरावीक वाक्य सकाळी उठताना व रात्री झोपताना वीस वेळा म्हणण्यास शिकवले. मोजणीत मन गुंतू नये म्हणून ते वीस गाठी मारलेली दोरी वापरण्यास सांगत. इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांचा संघर्ष झाल्यास कल्पनाशक्तीच जिंकते, असे त्यांचे मत होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांना ब्रिटन व अमेरिकेतही मोठी लोकप्रियता लाभली. आजच्या ‘सकारात्मक वाक्यां’च्या प्रथेवर त्यांच्या विचारांची छाप दिसते.

याच सुमारास बालमानसशास्त्रात स्वतःशी बोलण्याचा निराळ्या अंगाने अभ्यास होत होता. खेळताना मुले स्वतःशीच बोलतात, या वर्तनास स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘आत्मकेंद्री भाषण’ म्हटले. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते मूल प्रथम मोठ्यांच्या सूचना ऐकून वागते, मग त्याच सूचना स्वतःला मोठ्याने देते आणि कालांतराने हे बोलणे आत वळून मूक ‘अंतर्भाषण’ बनते. म्हणजेच, मनातील आवाज मुळात इतरांशी झालेल्या संवादातून घडलेला असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती विकसित केली. घटना, तिच्याविषयीची धारणा आणि भावनिक परिणाम अशी साखळी त्यांनी मांडली. परिणाम हा थेट घटनेतून नव्हे, तर मधल्या धारणेतून निर्माण होतो आणि ती धारणा व्यक्ती स्वतःला ऐकवत असलेल्या वाक्यांतून जिवंत राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा विवेकी आहे. ‘मला यश मिळालेच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ हा हट्ट अविवेकी आहे, असा भेद त्यांनी केला. एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी आपण न्यू यॉर्कमधील ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन शंभर अनोळखी स्त्रियांशी संभाषण सुरू केल्याची हकिकत एलिस सांगत असत. त्यांतून मैत्री अशी जुळली नाही, परंतु नकार मिळाल्याने कोणताही अनर्थ ओढवत नाही हे त्यांना अनुभवाने पटले. स्वसंवादाला कृतीची जोड हवी, हा त्यांच्या पद्धतीचा महत्त्वाचा भाग आहे.

अ‍ॅरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फिया येथे नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना स्वतः, जग आणि भविष्यकाळ या तिन्हींविषयी त्यांच्या मनात नकारात्मक विचारांचा अखंड प्रवाह असतो, असे दाखवून दिले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील डोनाल्ड माइकेनबाउम यांनी जोसेफ गुडमन यांच्यासह १९७१ मध्ये उतावळ्या स्वभावाच्या मुलांसाठी स्वसूचनेचे प्रशिक्षण मांडले. त्यात प्रथम प्रौढ व्यक्ती मोठ्याने बोलत काम करून दाखवते; नंतर तिच्या सूचनांनुसार मूल ते काम करते; मग मूल स्वतः मोठ्याने, पुढे कुजबुजत आणि शेवटी मनातल्या मनात सूचना देत काम करते. व्हायगॉट्स्की यांनी वर्णन केलेल्या नैसर्गिक क्रमाचाच हा अध्यापनासाठी केलेला उपयोग होय.

संशोधनातील निष्कर्ष

स्तुतिपर वाक्ये सर्वांनाच उपकारक ठरतात, हा समज संशोधनाने डळमळीत केला आहे. वॉटर्लू विद्यापीठातील जोन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना आपण प्रेम करण्याजोगे आहोत अशा आशयाचे वाक्य मनाशी म्हणण्यास सांगितले. ज्यांचा आत्मसन्मान आधीच उच्च होता त्यांना किंचित बरे वाटले. परंतु ज्यांचा आत्मसन्मान कमी होता त्यांना, ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच व्यक्तींच्या तुलनेत, अधिक वाईट वाटले. ज्यांना अशा वाक्याची सर्वाधिक गरज भासते, त्यांच्या बाबतीतच ते उलटण्याचा संभव असतो. स्वतःविषयीच्या ठाम समजुतीशी फार विसंगत विधान ऐकताच मन त्याला विरोध करणारी उदाहरणे गोळा करू लागते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

स्वतःला कोणत्या पुरुषात संबोधावे, याचाही अभ्यास झाला आहे. मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील संशोधनानुसार, तणावपूर्ण प्रसंगाविषयी विचार करताना ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव किंवा ‘तू’ हे सर्वनाम वापरणाऱ्यांची अस्वस्थता तुलनेने कमी राहिली आणि ऐनवेळी भाषण करण्यासारख्या कामात त्यांची कामगिरी सरस ठरली. मित्राला सल्ला देताना माणूस जितका समतोल असतो, तितका तो स्वतःविषयी नसतो. संबोधन बदलल्याने हे अंतर काही प्रमाणात साधते.

क्रीडाक्षेत्रातील स्वसंवादावर अँटोनिस हात्झिजॉर्जियाडिस व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात स्वसंवादाचा कामगिरीवर मध्यम प्रमाणात अनुकूल परिणाम आढळला. हात व नजर यांचा सूक्ष्म मेळ लागणाऱ्या कौशल्यांत ‘चेंडूवर नजर ठेव’ यासारख्या सूचनात्मक वाक्यांचा उपयोग अधिक दिसून आला.

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्वक्षमतेच्या सिद्धान्तात ‘मला हे करता येईल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले आहेत : प्रत्यक्ष यशाचा अनुभव, इतरांना यशस्वी होताना पाहणे, शाब्दिक प्रोत्साहन आणि शारीरिक-भावनिक अवस्था. यांपैकी प्रत्यक्ष यशाचा अनुभव सर्वांत प्रभावी मानला जातो. शब्दांचे काम मुख्यत्वे व्यक्तीला त्या अनुभवापर्यंत नेण्याचे असते. ते अनुभवाची जागा घेऊ शकत नाहीत.

पद्धती

मर्यादक धारणा बदलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्वसंवादाचे सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. नोंद : मन अस्वस्थ झाले किंवा एखादे काम टाळावेसे वाटले की त्या क्षणी मनात उमटलेले वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवावे. ‘वाईट वाटले’ ही भावना झाली. ‘सर मला हसतील’ हे वाक्य झाले. नोंद वाक्याची करावयाची असते.

२. मागोवा : त्या वाक्याला ‘तसे झाले तर त्याचा अर्थ काय?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा. ‘सर हसतील’, ‘म्हणजे सर्वांना कळेल की मला येत नाही’, ‘म्हणजे मी ढ आहे’, अशा क्रमाने तळाची धारणा शब्दांत येते.

३. तपासणी : धारणेच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे पुरावे दोन स्तंभांत मांडावेत. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘कोणीच नाही’ हे शब्द विशेष तपासावेत, कारण एका अपवादानेही ते खोटे ठरतात.

४. पर्यायी विधान : जुन्या धारणेच्या टोकाला जाणारे उलट विधान न करता, पुराव्यांना धरून असलेले आणि स्वतःला पटणारे विधान तयार करावे. म्हणताक्षणी मनातून ‘हे खोटे आहे’ असा प्रतिसाद आल्यास विधान सौम्य करावे.

५. कृती : विधानाची कसोटी पाहणारे छोटे काम ठरवून करावे व निष्पत्ती लिहून ठेवावी. निष्पत्ती प्रतिकूल आली तरी तिच्यातून विधान अधिक अचूक करता येते.

उदाहरण

इयत्ता दहावीतील एका काल्पनिक विद्यार्थिनीचे उदाहरण घेता येईल. बीजगणिताच्या चाचणीत तिला ४० पैकी १३ गुण मिळाले आहेत आणि ‘गणित माझ्या डोक्यात शिरतच नाही’ हे वाक्य तिच्या मनात ठाण मांडून आहे. त्यामुळे ती बीजगणिताचे पुस्तक शेवटी उघडते, वर्गात शंका विचारत नाही आणि पुढे विज्ञान शाखेचा विचारही सोडून देते. एका वाक्याने शाखेची निवड, म्हणजे पर्यायाने व्यवसायाची दिशा ठरू पाहते.

‘मी गणितात अत्यंत हुशार आहे’ असे तिने रोज वीस वेळा म्हटले, तरी उत्तरपत्रिकेवरील १३ हा आकडा प्रत्येक वेळी आड येईल. त्याऐवजी ती उत्तरपत्रिका पुन्हा पाहते. भूमितीतील सिद्धता तिला बऱ्यापैकी येतात, हा धारणेविरुद्धचा पुरावा आहे. वर्गसमीकरणांच्या दहा उदाहरणांपैकी सहा चुकली आहेत; त्यांतील चार अवयव पाडताना ऋण चिन्ह सुटल्यामुळे चुकली आहेत. आता विधान बदलते : ‘वर्गसमीकरणांत माझी चिन्हे चुकतात, रीत मला येते.’ हे विधान गौरवपर नाही. किंबहुना ते चूक मान्य करते. तरीही ते आशादायक आहे, कारण चुकणाऱ्या चिन्हांवर उपाय करता येतो. ‘न शिरणाऱ्या डोक्या’वर करता येत नाही.

यानंतर ती प्रत्येक पायरीअखेर ‘चिन्ह बघ’ एवढीच सूचना स्वतःला देते आणि रोज पाच उदाहरणे सोडवते. दहापैकी आठ उत्तरे बरोबर येऊ लागली की नवे विधान केवळ समजुतीचे राहत नाही. त्यामागे तिच्या वहीतील पुरावा उभा राहतो.

मराठी भाषा व परंपरा

स्वतःच्या मनाला उद्देशून बोलण्याची रीत मराठी वाङ्‌मयाला सुपरिचित आहे. सतराव्या शतकातील संत समर्थ रामदास यांच्या ‘मनाचे श्लोक’ या भुजंगप्रयात वृत्तातील २०५ श्लोकांच्या रचनेत मनाला सज्जन म्हणून संबोधून उपदेश केला आहे. तिचा हेतू पारमार्थिक व नैतिक असून आधुनिक मानसोपचाराशी तिची बरोबरी करता येत नाही. परंतु मनाला दूषणे न देता आदराने समजावण्याची तिची रीत लक्षणीय आहे. ‘मनाची समजूत घालणे’, ‘मनाला विचारणे’, ‘मनाशी ठरवणे’ या वाक्प्रचारांतही बोलणारा आणि त्याचे मन असे दोन पक्ष कल्पिलेले दिसतात. आधाराशिवाय केलेल्या सुखद कल्पनांना मात्र ‘मनात मांडे खाणे’ असे म्हटले जाते.

मराठीतील ‘मला जमत नाही’ या रचनेत वर्तमानकाळाचे रूप रीतिवाचक असते. ते आजपुरते आहे की कायमचे, हे त्यातून कळत नाही. ‘मला अजून जमत नाही’ असे म्हटले की काळाची मर्यादा स्पष्ट होते. ‘काल सभेत मला आठवले नाही’ असा भूतकाळी प्रयोग केल्यास तीच गोष्ट एका प्रसंगापुरती राहते. स्वसंवाद तपासताना क्रियापदाच्या काळाकडे लक्ष देणे त्यामुळे उपयुक्त ठरते.

एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचा महाराष्ट्रात प्रसार करण्यात मुंबईतील मानसोपचारतज्ज्ञ किशोर फडके यांचा मोठा वाटा आहे. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकातून एलिस यांचे जीवन व विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचले आहेत.

मर्यादा व आक्षेप

स्वसंवाद हे बाह्य अडथळ्यांवरील उत्तर नव्हे. शाळा दूर असणे, घरखर्चासाठी काम करावे लागणे, जातीमुळे वा लिंगामुळे संधी नाकारली जाणे ही वास्तव बंधने आहेत. त्यांना ‘मर्यादक धारणा’ ठरवल्यास अन्यायाचा दोष अन्याय सोसणाऱ्याच्या माथी मारला जातो. तपासणीच्या टप्प्यावर काही धारणा खऱ्या असल्याचेही आढळू शकते. अशा वेळी विधान बदलण्यापेक्षा परिस्थिती बदलण्याचा किंवा साहाय्य मिळवण्याचा मार्ग योग्य ठरतो.

सुप्त मनाला आज्ञा देऊन धन, आरोग्य वा यश खेचून आणता येते, असे दावे लोकप्रिय साहित्यात आढळतात. त्यांना वैज्ञानिक आधार नाही. शारीरिक आजारात स्वयंसूचनेवर विसंबून वैद्यकीय उपचार लांबवणे धोकादायक आहे. तसेच सर्वांचे अंतर्भाषण सारखे नसते. काहींचे विचार शब्दांपेक्षा प्रतिमांच्या किंवा भावनांच्या रूपात अधिक असतात, त्यामुळे लेखन, चित्र किंवा संभाषण हे मार्ग त्यांना अधिक सोयीचे वाटू शकतात.

तीव्र नैराश्य, आघातोत्तर ताण किंवा आत्मघाताचे विचार असताना मनातील कठोर वाक्यांशी एकट्याने झुंजणे अपेक्षित नाही. अशा स्थितीत बोधात्मक तंत्रांचा वापर प्रशिक्षित तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली केला जातो आणि आवश्यकतेनुसार औषधोपचारही दिले जातात. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेद्वारे १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य समुपदेशन उपलब्ध आहे.